कागदावर फॉइलची तलवारबाजी शिकवणाऱ्या गुरूंना

बुडापेस्टच्या फॉइल-गुरूंनो,
सादर नमस्कार.

पत्राला उशीर झाला आहे, थोडाथोडका नाही, साठ-सत्तर वर्षांचा. तरी लिहायलाच हवं, कारण निवड चाचणीच्या टेबलापलीकडून ते वाक्य अजूनही तितक्याच सहजपणे येतं: "ऐकू येत नाही? मग तलवारबाजी कशी जमणार? बुद्धिबळाला घाला." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला फक्त डोक्याला ताप नको असतो. या वाक्याचं उत्तर तुम्ही कधीचंच देऊन ठेवलं आहे.

१९३७ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेली, जन्मतःच ऐकू न येणारी ज्यू मुलगी, इल्दिको रेय्तो, किशोरवयात फॉइल, म्हणजे फक्त टोकाने वार करायची हलकी तलवार, शिकायला आली. तुम्ही तिला माघारी धाडलं नाहीत. तिला सांगायचं ते कागदावर लिहून दिलंत.

ही गोष्ट किती मोठी, ते फॉइल शिकवणाऱ्यालाच कळेल. आमचा निम्मा धडा तोंडाने चालतो. 'पुढे', 'मागे', 'हात आधी, मग पाय!' हे शेवटचं तर दिवसातून शंभरदा. फॉइलमध्ये दोघांचीही टोकं लागून टच दाखवणारे दिवे एकदमच पेटले तर गुण कोणाचा, हे आधी हात लांबवून हल्ला कोणी सुरू केला यावर ठरतं. पाय आधी पडला आणि कोपर वाकलेलंच राहिलं, तर लंज, म्हणजे पुढचा पाय टाकून घेतलेली झेप, कितीही देखणा असो, गुण समोरच्याला जातो. ऐकू येणाऱ्या मुलाला ही चूक त्याच क्षणी ओरडून सांगता येते. रेय्तोला नाही. बरं, ओठ वाचावेत म्हटलं तर मधे मास्कची जाळी. दोन्ही मास्क वर सरकवायचे, ग्लोव्ह काढायचा, मग लिहायचं. असा धडा चालवायला वेळ लागतो आणि चिकाटीही लागते.

पण या उपद्व्यापाचा एक फायदा आहे, आणि त्यासाठी तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. ओरडणारा कोच एका दमात चार चुका सांगतो. मुलगा चारही ऐकतो आणि पुढच्या हल्ल्यात आपल्या पायांकडे बघत बसतो. चिठ्ठीवर चार चुका मावत नाहीत. आधी कुठली सुधारायची, हे कोचला स्वतःशी ठरवावं लागतं. आम्हा बोलघेवड्यांना ही शिस्त अजून लागलेली नाही.

आवाजाचं दुसरं दुखणं पात्यात. पॅरी, म्हणजे आपल्या पात्याने समोरच्याचं पातं अडवणं, नीट बसली की 'टक्' असा स्वच्छ आवाज येतो, घासत गेली तर खरखर. कित्येक जण त्या आवाजावरच रिपोस्ट, म्हणजे उलटा वार, सोडतात. ज्याला तो ऐकू येत नाही, त्याला तीच बातमी अंगठा आणि तर्जनीतून घ्यावी लागते. मूठ आवळून धरली की ती बातमी पोहोचतच नाही, म्हणून पकड सैल हवी, बाकीची तीन बोटं फक्त गरज पडेल तेव्हा मिटायची. हे सगळ्यांनाच शिकवायचं असतं, पण कान शाबूत असले की बोटं आळशी होतात.

तिसरी अडचण पंचांच्या 'आल्त'ची, म्हणजे 'थांबा'ची. तो ऐकू आला नाही आणि त्यानंतर नवा हल्ला चढवला, तर टच बाद. उलट, थांबवलं असेल अशा शंकेने मधेच हात खाली घेतला, तर छातीवर टोक बसलंच म्हणून समजा. पंचांच्या हाताकडे बघायचं तर समोरच्या टोकावरची नजर हलते. सुदैवाने १९५०च्या दशकात फॉइलला विजेची यंत्रणा आली. धडावर टच झाला की लाल किंवा हिरवा दिवा, धडाबाहेर लागला तर पांढरा. निदान टच लागला की नाही, हे कळायला कान लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र सलते. तुमच्याच देशाने आधीच्या ज्यू तलवारबाजांना काय दिलं? ओस्कार गेर्देने १९०८ आणि १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये सेबर या दुसऱ्या प्रकारच्या तलवारीचं सांघिक सुवर्ण आणलं, त्याचा शेवट माउटहाउझेनच्या छळछावणीत झाला. १९२८च्या सुवर्ण संघातल्या यानोश गरायचाही शेवट तिथेच झाला. त्याच संघातला आत्तिला पेत्शाउअर सक्तमजुरीच्या तुकडीत १९४३ मध्ये मेला. पदकं मिरवायला देश पुढे होता, माणसं वाचवायची वेळ आली तेव्हा नव्हता. अशा शहरात, युद्ध संपून फार वर्षं झालेली नसताना, एका ज्यू मुलीसाठी कोणीतरी मास्क वर सरकवून पेन्सिल हातात घेतो. साधा भलेपणा म्हणायचा तर तो हाच. त्यासाठी ठराव लागत नाही की निधी लागत नाही.

पुढचं सगळ्या जगाने पाहिलं. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सांघिक रौप्य. १९६३ मध्ये वैयक्तिक जगज्जेतेपद. १९६४ च्या टोकियोत वैयक्तिक सुवर्ण, आणि सोव्हिएत संघाला हरवून सांघिक सुवर्णही. मेक्सिकोत सांघिक रौप्य आणि वैयक्तिक कांस्य, म्युनिकला पुन्हा रौप्य, आणि १९७६ मध्ये माँट्रियलला, वयाच्या ३९व्या वर्षी, सांघिक कांस्य. पाच ऑलिम्पिक, सात पदकं, एकदाही रिकाम्या हाताने परत नाही. 'बुद्धिबळाला घाला' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा नजरेखालून घालावा.

गुरूंनो, आज बाद फेरीत तीन-तीन मिनिटांच्या डावांमध्ये एका मिनिटाची विश्रांती मिळते. साठ सेकंदांत मास्क काढायचा, पाणी प्यायचं आणि एक ओळ वाचायची, एवढं आरामात होतं. म्हणून आमच्या किटमध्ये आता सुटी टोकं, स्प्रिंग, बारीक स्क्रू, चिकटपट्टी आणि टोक तपासायचं ५०० ग्रॅमचं वजन यांच्याशेजारी एक खिशात मावणारी वही असते. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली, कारण ऐन वेळी तीच सापडत नाही.

तुमचे ऋणी,
फॉइल शिकवणारे काही जण