निकालाच्या छेदात कोण?

महोदय,

बारावीच्या निकालाची ‘यंदाही मुलींचीच बाजी’ ही आपली बातमी वाचली. मुलींचे यश निर्विवाद आहे. पण उत्तीर्णतेची टक्केवारी काढतात ती परीक्षेला बसलेल्यांवर. नववीत अडकून शाळा सोडलेला मुलगा त्या छेदात नसतोच. समजा, नववीच्या पटावर १०० मुलगे होते, बारावीला ८० बसले आणि ७२ उत्तीर्ण झाले. छापून येतो ९० टक्के निकाल. पटावर मोजला तर तो ७२.

उलट टोकही पाहा. आयआयटींना २०१८पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा काढाव्या लागल्या. म्हणजे बोर्डातली आघाडी प्रवेशपरीक्षेपर्यंत टिकत नाही. शीर्षकात हे कुठेच येत नाही.

यूडायस या केंद्र सरकारच्या शालेय माहिती प्रणालीच्या नोंदीत मुलगे-मुलींची इयत्तावार पटसंख्या असते. पर्वरीच्या गोवा शालान्त मंडळाचा बारावीचा निकाल छापताना शेजारी तीन वर्षांपूर्वीचा नववीचा पट द्यावा. मात्र दहावीनंतर आयटीआयला गेलेले आणि राज्याबाहेर स्थलांतरित झालेले वेगळे दाखवावेत, नाहीतर त्यांचीही गणना गळतीत होईल.

– एक वाचक, फोंडा