मराठी संमतिपत्र मराठीतून कोणी वाचून पाहते का?

संपादक महोदय,

औषधांच्या किंवा लशींच्या मानवी चाचण्यांबद्दल काही बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रुग्णाची सही घेतली होती का? सही बहुतेक वेळा असते, फाइलमध्ये तारखेसह असते. विचारायला हवे ते सहीच्या वरच्या मजकुराबद्दल. मुंबईतल्या ओपीडीत नंबर लावून बसलेल्या माणसाच्या हातात पडणारे मराठी माहितीपत्रक हा संमतीच्या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत कच्चा दुवा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे पत्रक तयार कसे होते ते पाहा. मूळ मसुदा बहुधा इंग्रजीत येतो. एक भाषांतरकार त्याचे मराठी करतो, दुसरा ते मराठी पुन्हा इंग्रजीत आणतो, दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की प्रमाणपत्र मिळते आणि ते एथिक्स कमिटीच्या, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, फाइलला जोडले जाते. उलट भाषांतराने काही चुका नक्की सापडतात. शब्द गळला, आकडा बदलला, एखादे ‘नाही’ राहून गेले, हे कळते. पण वाक्य वाचणाऱ्याला समजते का, हे त्यातून कळूच शकत नाही. ‘यादृच्छिकीकरण’ (कोणाला कोणते औषध हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणे) हा शब्द इंग्रजीत अचूक परत जातो. सोप्या मराठीत फोड करून लिहिलेले वाक्य मात्र परत जाताना थोडे बदलते आणि तपासणारा त्यावर लाल खूण करतो. परिणामी भाषांतरकार पुढच्या वेळी अवघड शब्दच निवडतो.

उदाहरण घेऊ. ‘आपणांस यादृच्छिक पद्धतीने दोहोंपैकी एका गटात नियुक्त करण्यात येईल व सदर नियुक्ती उभयपक्षी अज्ञात राहील.’ या धाटणीची वाक्ये अशा पत्रकांत सर्रास असतात. हेच असे लिहिता येते: ‘तुम्हाला नवीन औषध मिळेल की सध्याचे, हे डॉक्टर ठरवणार नाहीत. चिठ्ठी उचलावी तसे संगणक ठरवेल. कोणती चिठ्ठी निघाली हे तुम्हालाही कळणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र लगेच उघडून पाहता येते.’ चार वाक्ये लागली, पण गोष्ट पोचली. प्लासिबोला ‘छद्म औषध’ म्हणण्यापेक्षा ‘दिसायला तशीच गोळी, पण तिच्यात औषध नाही’ असे लिहावे. रक्ताचे प्रमाणही तसेच. दर भेटीत 15 मिली म्हणजे चहाचे तीन चमचे, सहा भेटींत 90 मिली म्हणजे साधारण एक कटिंग चहा, असे लिहिले की माणूस अंदाज बांधू शकतो. नाहीतर ‘रक्त काढून विकतात’ ही कुजबुज वॉर्डात सुरू व्हायला वेळ लागत नाही.

सर्वांत घातक घोळ ‘चाचणी’ या शब्दाचा आहे. रक्ताची चाचणी, लघवीची चाचणी, तशीच ही एक, असे रुग्ण समजतो. ‘तुम्ही चाचणीत सहभागी होत आहात’ हे वाचून त्याला वाटते की आपली तपासणी होणार, तीही फुकट. परीक्षा औषधाची आहे, ते लागू पडेलच असे नाही आणि हा उपचाराचा नेहमीचा भाग नाही, ही तीन विधाने पहिल्या पानावर ठळक अक्षरांत हवीत. औषधाचा अपेक्षित परिणाम न होण्याची शक्यता सांगणे तर 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार बंधनकारकच आहे. पण ती ओळ बाराव्या पानावर असेल तर तिथवर कोण पोचणार?

मजकूर सुधारला तरी सांगणारा घाईत असेल तर फायदा नाही. उपचार करणारा डॉक्टरच संशोधक असला की रुग्णाला ‘नाही’ म्हणणे जड जाते, म्हणून निदान पहिली माहिती दुसऱ्या कोणी द्यावी. पत्रक एक रात्र तरी घरी नेऊ द्यावे. सही घेण्याआधी ‘समजलं ना?’ विचारू नये, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘घरी गेल्यावर बायकोला हे काय म्हणून सांगाल?’ असे विचारावे. उत्तरात ‘डॉक्टर नवीन औषध देणार, त्याने बरं वाटेल’ एवढेच आले तर पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवे.

वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो. तो संशोधन पथकातला नसावा आणि पूर्ण वेळ हजर असावा. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो इथेच: अंगठा आधी उठतो आणि साक्षीदार नंतर शोधला जातो. अंगठा आणि साक्षीदाराची सही या दोन्हींच्या शेजारी तारखेबरोबर वेळही लिहायला लावली तर हे पटकन उघडे पडते. नव्या रेणूच्या औषधाची चाचणी दुर्बल गटातील, म्हणजे ‘नाही’ म्हणणे ज्यांना अवघड जाते अशा, व्यक्तींवर होत असेल तर संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचे आहे, एचआयव्ही व कुष्ठरोगावरील औषधांसाठी फक्त ध्वनिमुद्रण. हे चित्रीकरण तपासताना एकच पाहावे, रुग्ण किती बोलला. वीस मिनिटांत तो फक्त दोनदा मान हलवत असेल तर ती संमती नव्हे.

सही दुसऱ्याने करण्याचा धोका किती खरा आहे, हे तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मममध्ये 2009 साली दिसले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरील एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात तिथे अनेक मुलींच्या वतीने वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि 12 ते 18 वर्षांच्या मुलाचा लेखी होकारही घ्यावा लागतो.

संमतिपत्रावर वारसाचे नाव, पत्ता, नाते आणि रुग्णाचे वार्षिक उत्पन्न यांचे रकाने असतात. ते फार वेळा कोरे राहतात. उत्पन्न लिहिले तर रेशनकार्डाचे काही होईल, अशी धास्ती माणसाला वाटू शकते. म्हणून स्पष्ट सांगायला हवे की भरपाईच्या सूत्रात उत्पन्न येतच नाही. चाचणीमुळे मृत्यू झाला तर 8 लाख रुपये ही मूळ रक्कम, तिला वयाचा गुणक आणि आजाराच्या जोखमीचा 0.5 ते 4 हा गुणक लावतात आणि 99.37 ने भागतात. 65 वर्षांच्या व्यक्तीचा वयाचा गुणक 99.37 च आहे. म्हणजे त्या वयाचा धडधाकट स्वयंसेवक असेल तर 32 लाख आणि सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरलेला रुग्ण असेल तर 4 लाख. वारसाचा रकाना कोरा असेल तर ही रक्कम मिळवायला कुटुंबाला किती खेटे घालावे लागतील, याचा विचार सही घेणाऱ्याने करावा.

याच मुंबईत जानेवारी 1897 मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची परीक्षा केली. ते कैदी स्वेच्छेने पुढे आले असे नोंदले गेले. आज कैदी दुर्बल गटात मोडतात, कारण कोठडीतल्या माणसाच्या ‘हो’वर सहज विश्वास ठेवता येत नाही. पालिका रुग्णालयाच्या रांगेत चार तास उभ्या असलेल्या माणसाचा ‘हो’ही तितकाच जपून घ्यायला हवा.

शहरातल्या एथिक्स कमिट्यांना आमची विनंती आहे. किमान सात सदस्यांच्या समितीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. त्याला इंग्रजी मसुदा देऊ नका, मराठी पत्रक द्या आणि बैठकीत पहिल्यांदा त्यालाच बोलू द्या. शक्य तर आधी चार-पाच रुग्णांना ते वाचायला देऊन कुठे अडतात ते पाहा. पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख जुळवा. चाचणीत नवा दुष्परिणाम कळल्यावर इंग्रजी पत्रकाची आवृत्ती 3 होते आणि मराठी 2 वरच राहते, मग जुन्या माहितीवर सह्या घेतल्या जातात. आधी सह्या केलेल्यांनाही नवी माहिती देऊन पुन्हा संमती घ्यावी लागते, हे तर सपशेल विसरले जाते.

आणि जे अशा चाचणीत आहेत त्यांच्यासाठी: माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत हा तुमचा हक्क आहे, ती मागून घ्या. त्यात एथिक्स कमिटीचा संपर्क क्रमांक असतो. प्रत हातात पडल्यावर त्या क्रमांकावर एकदा फोन लावून कोणी उचलते का ते पाहा.

— संशोधन नीतीच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक, परळ, मुंबई