बेळगाव बसस्थानकावरच्या अक्कांचे आभार

खानापूर तालुक्यातल्या आमच्या सरकारी मराठी शाळेत यंदा तिसरीत एक मुलगी आली. तिला दिसत नाही. कविता एकदा ऐकली की पाठ, पण लिहायचं कशावर? मला ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या टिंबांची लिपी, येत नव्हती. बेळगावात चौकशी केली तर शिकवणारे आहेत ते कन्नडमधून, असं कळलं. हिरमुसून बसस्थानकावर बसले.

शेजारी एक अक्का मांडीवरचं कन्नड पुस्तक बोटांनी वाचत होत्या. माझं मोडकंतोडकं कन्नड ऐकून हसल्या. म्हणाल्या, "टिंबं तीच की हो!" भारती ब्रेल ही भारतीय भाषांची सामाईक ब्रेल; तिच्यात 'क' मराठीत असो वा कन्नडमध्ये, सहा टिंबांतलं पहिलं आणि तिसरं टिंब. सीमावादाच्या एवढ्या भाषणांत हे कुणी सांगितलं नव्हतं!

त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि माझं बोट धरून ओळीवरून फिरवलं. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटला की सरळ वाचता येतं, हे हातात हात धरून करून घेतलं. त्यासाठी हुबळीची बस सोडली. निघताना स्वतःची पाटी आणि टोचणी माझ्या पिशवीत टाकली. पैसे घेईनात. "घरी दुसरी आहे," एवढंच.

आता ती पोर स्वतःचं नाव लिहिते. बाकीची मुलंही शिकली, तासाला एकमेकांना टोचलेल्या चिठ्ठ्या देतात. बेरजेला मी चिंचोके आणते, सगळ्यांनाच ते आवडतात.

अक्का, नाव विचारायचं राहिलं. कुणी हे तुम्हाला वाचून दाखवलं तर शाळेत या. जोडाक्षरांना आम्ही अजून अडतो.