‘कशावरून?’ विचारणाऱ्या मॅडमना जाहीर पत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या (गणिताने बाजार आणि जोखीम मोजण्याच्या शास्त्राच्या) मास्टर्ससाठी नागपुरातून परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांचे कागद तुम्ही वर्षानुवर्षं तपासत आलात, तेही एक पैसा न घेता. याच कामाचे भरपूर पैसे मोजून साच्यातलं एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र) आणणारी मुलंही शेवटी तुमच्याच दारात येतात. म्हणून हे आभार चारचौघांत. तुम्ही नेमकं काय करून घेता तेही लिहून ठेवतो, पुढच्यांच्या कामी येईल.

तुमचा प्रश्न एकच: ‘कशावरून?’ गणित पक्कं आहे, कशावरून? मार्कशीटवर ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स-३’ एवढंच छापलेलं असतं. आत लाप्लास ट्रान्सफॉर्म होता की पार्शियल डिफरन्शियल इक्वेशन, हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या किंवा बरूक कॉलेजच्या निवड समितीला कसं कळावं? तुम्ही प्रत्येकाकडून एक पान करून घेता: विषय, सत्र, शिकवलेली प्रकरणं, पुस्तक, गुण. मग त्याच पानावर चार गोष्टी शोधायच्या: लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी, डिफरन्शियल इक्वेशन, न्यूमेरिकल मेथड्स. जे सापडत नाही त्यासाठी एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) कोर्स, आणि तो केंद्रावर जाऊन परीक्षा दिलेला. नुसत्या बघितलेल्या व्हिडिओंना तुमच्या लेखी किंमत शून्य. इंजिनिअरिंगवाल्यांचं खरं दुखणं मात्र रिअल अ‍ॅनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसमागची सिद्धतांची बाजू. आकडेमोड येते, सिद्धता लिहिता येत नाही, आणि ते एका सत्रात भरून निघत नाही. तिसऱ्या वर्षातच सुरुवात करा, असं तुम्ही म्हणता ते त्यासाठीच.

टक्क्यांवरून चारपैकी जीपीए (सरासरी गुणांक) स्वतः काढू नका, विद्यापीठाने दिलेलं जसंच्या तसं लिहा, हेही तुमचंच. आणि जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या क्वांट (गणित) भागात १६८ आले म्हणून १७० साठी पुन्हा फी भरायला निघालेल्यांना तुम्ही थांबवता, त्याचे वेगळे आभार मानायला हवेत. या अर्जदारांत पैकीच्या पैकी मिळवणारे पैशाला पासरी आहेत. तेवढे दोन महिने प्रोजेक्टला दिलेले बरे.

प्रोजेक्टवर तर तुमची लाल शाई सगळ्यात जास्त सांडते. ‘एलएसटीएम (मशीन लर्निंगचं एक मॉडेल) वापरून शेअरभावाचा अंदाज’ दिसला की तुम्ही फाइल मिटता. बहुतेक वेळा त्यात उद्याचा भाव म्हणून आजचाच भाव एक दिवस पुढे सरकवलेला असतो आणि आलेख सुंदर जुळतो. आजच्या निफ्टीतल्या ५० कंपन्या घेऊन दहा वर्षं मागे जाणारी बॅकटेस्टही (जुन्या भावांवर घेतलेली चाचणी) तशीच: मधल्या काळात निर्देशांकातून बाहेर फेकल्या गेलेल्या कंपन्या त्यात नाहीतच, मग परतावा फुगणारच. बोनस आणि स्प्लिटची (शेअरची संख्या वाढून भाव घटण्याची) दुरुस्ती न करता भावकॉपीतले (शेअर बाजाराच्या रोजच्या भावांच्या फाइलमधले) भाव घेतले, तर एका दिवसात शेअर निम्म्यावर ‘कोसळलेला’ दिसतो.

त्याऐवजी तुम्ही सांगता ते काम दिसायला साधं: एनएसईच्या भावकॉपीवरून निफ्टी ऑप्शनची (ठरल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काची) इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे भावात गृहीत धरलेला चढउतार, काढा आणि स्ट्राइकनुसार (त्या ठरल्या भावानुसार) वक्र आखा. हे ऑप्शन युरोपियन प्रकारचे (फक्त मुदतीच्या दिवशी वापरता येणारे), त्यामुळे ऑप्शनची किंमत काढणारं ब्लॅक-शोल्सचं सूत्र थेट लागतं. पण एकही सौदा न झालेल्या कॉन्ट्रॅक्टसमोरही भाव छापलेला असतो. ती ओळ गाळली नाही तर वक्रावर भलतेच सुळके उठतात. स्पॉटऐवजी (आजच्या निर्देशांकाऐवजी) त्याच एक्स्पायरीच्या (मुदतीच्या) फ्युचरचा भाव घेतला की डिव्हिडंड वेगळा धरावा लागत नाही, व्याजदर फक्त किंमत आजच्या मोलात आणायला लागतो. आधी पुट-कॉल पॅरिटी (विकण्याच्या आणि घेण्याच्या ऑप्शनच्या भावांमधलं ठरलेलं नातं) तपासायची. व्होलॅटिलिटी शोधणारी न्यूटनची पद्धत डीप इन-द-मनी (आधीच मोठ्या फायद्यात असलेल्या) ऑप्शनवर उधळते, कारण तिथे वेगा (व्होलॅटिलिटी बदलली की भाव किती बदलतो ते माप) जवळजवळ शून्य असतो आणि शून्याजवळच्या संख्येने भागलं की पुढची उडी कुठच्या कुठे जाते. तिथे बायसेक्शन (दर वेळी अंतर निम्मं करत उत्तर शोधणं) लावायचं. ऑप्शनचा भाव किमान शक्य किमतीपेक्षाही खाली असेल तर उत्तरच नसतं, तेव्हा कोडने तसं सांगायला हवं. ‘हे सगळं दोन पानांत लिहा, काय बिघडलं तेही लिहा,’ हा तुमचा हट्ट. मॉन्टे कार्लो (भावाच्या हजारो काल्पनिक वाटा, म्हणजे पाथ, काढून सरासरी घेणं) वापरलं असेल तर उत्तरासोबत स्टँडर्ड एरर (उत्तरातली संभाव्य चूक) हवीच. चूक निम्मी करायला चौपट पाथ लागतात, हे ज्याने स्वतः कोड चालवून पाहिलं त्याच्या लिहिण्यातून ते लगेच कळतं. पायथन सगळ्यांनाच येतं म्हणून हाच हिशेब एकदा सी++ मध्ये करून घेता.

शिफारसपत्रांबाबत आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तुम्ही ते कधी केलं नाहीत. उलट मुलाकडून एक टिपण मागता: कोणता विषय, वर्गात कितवा, तोंडी परीक्षेत कोणत्या प्रश्नावर अडला आणि नंतर तो कसा सोडवला. ‘मेहनती आणि प्रामाणिक’ या शब्दांवर तुमची बंदी आहे. पत्र कॉलेजच्या ईमेलवरूनच जाणार आणि पत्र बघण्याचा हक्क मुलाने अर्जात सोडायचा, नाहीतर वाचणारा ते मोकळेपणाने लिहिलंय असं धरत नाही.

एसओपीबद्दल फार लिहीत नाही. लहानपणी बाबांसोबत शेअर बाजार पाहिला, हा परिच्छेद तुम्ही न वाचताच खोडता. मॉडेल व्हॅलिडेशन (इतरांची मॉडेल तपासणं), रिस्क की डेस्क क्वांट (सौदे करणाऱ्यांसोबत बसून मॉडेल बांधणं), यातलं एक निवडा आणि त्यासाठी त्या अभ्यासक्रमातले कोणते विषय हवेत ते लिहा, एवढंच.

मुलाखतीच्या तयारीला तुमचं नाण्याचं गणित हमखास असतं. सलग दोन छाप येईपर्यंत सरासरी किती वेळा नाणं उडवावं लागेल? सहा. आणि छापेनंतर काटा येईपर्यंत? चार. आकडे पाठ असलेल्या मुलाला तुम्ही लगेच पकडता: ‘वेगळे का आले, बोल.’ छाप-काट्यात एक छाप हाती असताना पुन्हा छाप आली तरी काही गमवत नाही. छाप-छापमध्ये काटा आला की पुन्हा पहिल्यापासून. फळ्यावर मांडताना मोठ्याने बोलत राहायचं, गप्प बसून बरोबर उत्तर काढलं तर अर्धेच गुण, हा तुमचा नियम.

मॅडम, यंदाच्या मुलांना तुमचंच वेळापत्रक दिलंय: मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या मिरवणुकीच्या) आत विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज, गणपती उठले की शिफारसपत्रांची विनंती आणि बरेच अभ्यासक्रम फेऱ्यांनी प्रवेश देतात म्हणून पहिल्याच फेरीत अर्ज. पाच जणांची विषयांची पानं तयार आहेत. दोघांच्या पानावर न्यूमेरिकल मेथड्स सापडत नाही, त्यांना आधी पाठवतो. प्रोजेक्ट अजून कुणाचाच दाखवण्याजोगा नाही.

आपले,
नागपूरचे आजी-माजी विद्यार्थी