२०१२ची वही

चार्ल्स्टन, वेस्ट व्हर्जिनिया
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

एप्रिलमध्ये तू तो व्हिडिओ पाठवलास आणि खाली एवढंच लिहिलंस, "हा तोच ना?" सात महिने झाले, मी उत्तर दिलं नाही. तू रागावला असशील आणि तुझा राग बरोबर आहे. त्याच आठवड्यात धाकट्याचा एमआरआय आला होता. त्यानंतर त्या व्हिडिओबद्दल दोन ओळींत काही लिहिणं मला जमेना.

तब्येती ठीक. माझी बीपीची गोळी वाढली, हिचा खांदा उतरला. झालं.

हो, तोच. वृंदावनात प्रेमानंद महाराजांच्या आश्रमात सेवा करणारा तो धिप्पाड दाढीवाला म्हणजे आपला रिंकू सिंग. मला तो व्हिडिओ ताईने पाठवला, भाच्याने पाठवला, कॉलेजच्या ग्रुपवर तर तिघांनी टाकला. "कोट्यवधी सोडून संन्यास!" एकाने विचारलं, "कोलकात्याचा? पाच सिक्सवाला?" बाकीच्यांना तो कुस्तीतला वीर महान म्हणून ठाऊक. पण २०१२च्या उन्हाळ्यात, पिट्सबर्गच्या हाताखालच्या आमच्या इथल्या पॉवर या बेसबॉल संघात, राखीव पिचरांच्या बुलपेनमधून चेंडू फेकायच्या उंचवट्यावर, माउंडवर, येणारा डावखुरा रिंकू त्या सगळ्यांत फक्त तू आणि मी पाहिलाय.

आठवतं ना रे? तू जेट लॅगने पेंगत होतास. बॅटर उभा राहतो त्या प्लेटमागे तो टोस्टमॅन खुर्चीशेजारी खराखुरा टोस्टर लावून बसला होता. समोरचा बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला की सगळं स्टेडियम "यू आर टोस्ट!" म्हणून ओरडायचं आणि तो भाजलेल्या पावाच्या स्लाइस लोकांत भिरकवायचा. तू एक झेललीस आणि खाल्लीस! उभ्या जन्मात तू झेललेला तो एकमेव कॅच, असं मी अजून सांगतो. मग रिंकू आला आणि तू बाकावर उभा राहून "शाब्बास रे पठ्ठ्या!" ओरडलास. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. तुझ्या खांद्यावर बसून त्याने विचारलं, "काका, हा आपल्यातला आहे?" तू म्हणालास, "आपल्यातलाच. भदोहीचा आहे, पण आपल्यातलाच."

त्या रात्री गाडीत आपण भांडलो. तू म्हणालास, ही सरळसरळ फेकी आहे, क्रिकेटमध्ये पहिल्याच चेंडूला नो-बॉल दिला असता. मी म्हणालो, भालाफेक करणारा पोरगा, २००८मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेत उतरेपर्यंत ज्याने हा चेंडू हातात धरला नव्हता, तो पुढच्याच वर्षी अमेरिकेत व्यावसायिक सामना जिंकतो, हे तुला दिसत नाही का? मग तू माटुंग्याचा तो रनआउट काढलास. बंड्या, कॉल तुझाच होता. आजही माझं तेच म्हणणं आहे.

तू परत गेल्यावर मी वही घातली. २०१२च्या संघातला प्रत्येक खेळाडू, एकेकाला एक पान. पुढे तो कुठे गेला, काय केलं, सगळं टिपत गेलो. रिंकूच्या पानावर त्या मोसमाचे ३९ सामने, ७२ इनिंग, ३.०० चा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी तीनच रन दिलेले. पोलांको त्याच वर्षी साउथ अटलांटिक या आमच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पिट्सबर्गला गेला, शेवटी जपानमध्ये, आणि २०२३ला तिथल्या पॅसिफिक लीगमध्ये २६ होमरन मारून बरोबरीने पहिला आला. ओसुनाही जपानला. किंगहॅम कोरियाला. ग्लासनाउ २०१३चा, पण त्यालाही पान दिलं. त्या वर्षी तो सगळ्यांना भारी पडत होता, त्याला वगळणं शक्यच नव्हतं. बाकीची बरीच पानं अर्धीच राहिली. "रिलीज", म्हणजे संघाने सोडलं, एवढा एक शब्द आणि खाली कोरं.

आणि ज्या संघाची वही, तो संघही आता तसा उरला नाही. २०२०च्या डिसेंबरात मेजर लीगने, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगने, हाताखालचे संघ १२०वर आणले, त्यात चार्ल्स्टन नव्हतं. आता इथे डर्टी बर्ड्स नावाचा स्वतंत्र संघ खेळतो, खाणीत न्यायच्या कॅनरी पक्ष्यावरून घेतलेलं नाव. वाईट नाही. मी जातो. पण इथून कोणी वर पिट्सबर्गला चढत जात नाही, आणि मला तर त्या चढणाऱ्यांकडे बघायचीच सवय लागलेली.

म्हणून "कोट्यवधी सोडून" वाचलं की जीव तुटतो. त्या पोरांना तेव्हा महिन्याला हजार-अकराशे डॉलर मिळायचे, तेही मोसमापुरते. एकेका खोलीत चार-चार जण राहायचे. २०२२ला असे खेळाडू युनियनमध्ये आले, २०२३पासून या पातळीवर वर्षाला २६,२०० डॉलर झाले. तोवर या पातळीवर अडकलेली आपली पोरं घरी गेली होती.

आता मूळ गोष्ट. इतका वेळ टाळत होतो, ते तुला कळलंच असेल.

धाकट्याच्या उजव्या कोपराचं लिगामेंट फाटलंय. एप्रिलमध्ये अर्धवट होतं. सहा महिने विश्रांती, व्यायाम, मग हळूहळू परत माउंडवरून चेंडू फेकायला लागायचं असं ठरलं. ऑक्टोबरात त्याने पहिल्यांदा जोर लावला आणि हात धरून खाली बसला. मी तिथेच होतो. आता टॉमी जॉन नावाचं ऑपरेशन. मनगटाजवळची दोरीसारखी कंडरा काढायची, कोपराच्या हाडांना भोकं पाडायची आणि त्यातून ती ओवायची. परत माउंडवर यायला बारा ते अठरा महिने. वय एकोणीस. हिचं म्हणणं, हात साधा बरा होऊ दे, खेळ सोड, डिग्री घे. तो ऐकत नाही.

आणि तो वाद घालतो कशाने, तर माझ्याच वहीने! "बाबा, किंगहॅमचं हेच ऑपरेशन २०१५ला झालं. २०१८ला मेजर लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने ओळीने वीस बॅटर बाद केले. तुम्हीच लिहिलंय." खरं आहे, लाल पेनने लिहिलंय. "ग्लासनाउचं २०२१ला झालं." तेही खरं. गेल्या महिन्यात मेजर लीगच्या फायनलच्या, वर्ल्ड सिरीजच्या, सहाव्या सामन्यात डॉजर्सचा तोच ग्लासनाउ शेवटच्या इनिंगला आला. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर समोरच्या संघाची माणसं, एकही बाद नाही, आणि त्याने तीन चेंडूंत सामना संपवला. तेव्हा हा पोरगा डाव्या हाताने उजवा कोपर घट्ट धरून टीव्हीसमोर उभा होता.

मी उलटून रिंकूचं पान काढू शकत होतो. तेच ऑपरेशन, २०१३पासून तीन वर्षं एकही चेंडू नाही, आणि मग बेसबॉल संपलंच. काढलं नाही. बंड्या, मला भीती वाटते ती ही, की मी वही घातली नसती तर हा पोरगा माउंडवर गेलाच नसता. झोपताना मी त्याला गोष्टी सांगायचो त्या याच. कोण वर गेला, कोण परत आला. आणि कोऱ्या पानांवरून मी त्याला काय सांगणार होतो?

शेवटी मी तुझा व्हिडिओ त्याला दाखवला. म्हटलं, ओळख. त्याने लगेच ओळखलं. दोनदा बघितला, गप्प बसला. मग विचारलं, "बाबा, त्याचा कोपर अजून दुखत असेल का?" मला उत्तर देता आलं नाही.

ऑपरेशन ९ डिसेंबरला. मी हो म्हटलंय. हिने अजून नाही.

तुझ्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट कुठवर आलं? लेकीच्या लग्नाची तारीख कळव, मी मेपर्यंत सुट्टी घेऊ शकत नाही. वहिनींना सांग, लोणचं पोचलं.

एक काम कर. ९ तारखेच्या आधी त्याला फोन कर. तो माझ्याशी खेळावरच बोलतो. तुझ्याशी दुसरं काही बोलेल. तू त्याला काही समजावू नकोस, नुसतं बोल.

तुझा,
भाऊ

ता. क. त्या रात्रीचं स्कोअरकार्ड तूच नेलंस. तेरा वर्षं नाही म्हणतोस, पण मी तुला ते खिशात घालताना पाहिलंय. फोटो काढून पाठव. धाकट्याला हवंय.