मुलांना माग बघायला कुठे न्यायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीत पुण्याहून मुलगा-सून आले. नात-नातू आठवडाभर माझ्या स्वाधीन झाले. नात पाचवीत, नातू दुसरीत. मी अडतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग जुळवायचं आणि दुरुस्त करायचं काम केलं, आता घरीच असतो, म्हणून दोघांना गाव दाखवायचं काम मी हौसेनं घेतलं. मुलगा म्हणाला, "सोलापुरात मुलांना दाखवण्यासारखं दोन दिवसांचंसुद्धा नाही." तो याच गावात वाढला, म्हणून ते मनाला लागलं. आम्ही सहा दिवस फिरलो. त्या फिरण्यातून एक मागणी माझ्या मनात पक्की झाली. ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून हे पत्र.

पहिला दिवस किल्ल्याचा. बहामनी काळातला भुईकोट, खंदक अजून नजरेत भरतो. बत्तीस खांबी वास्तूत नातवानं खांब दोनदा मोजले, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला, मग बहिणीनं हात धरून मोजून दिले. १८१८ साली इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं हा किल्ला घेतला आणि इथलं पेशव्यांचं राज्य संपलं, एवढं मी सांगितलं. तटापलीकडे तलाव आणि तलावात सिद्धेश्वराचं देऊळ. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना घेऊन हा तलाव खोदला, हे सांगितल्यावर नात पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली. आता संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, बघायला परत यायचं, असं तिनं आईकडून कबूल करून घेतलंय.

केगावचं विज्ञान केंद्र आणि नान्नजचं माळरान यांत दोन दिवस गेले. विज्ञान केंद्राला अर्धा दिवस सहज लागतो आणि मुलं कंटाळत नाहीत. नान्नजला मात्र पहाटे निघावं. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली हे अभयारण्य झालं, पण माळढोक दिसेल असं कुणी मुलांना सांगू नये. त्यांची संख्या फार घटली आहे. आम्हाला काळविटांचा कळप दिसला. एक नर उंच उड्या मारत पळाला आणि नातू दिवसभर तशाच उड्या मारत होता.

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात मी स्वतः फार वर्षांनी गेलो. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. तिथेच लग्न केलं, तिथल्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणतात. नातीनं ते नाव वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "ताता, त्यांच्या आईला कसं कळलं असेल?" (आमच्या घरात तेलुगू बोलतात, आजोबाला ताता म्हणतात.) मला उत्तर देता आलं नाही. स्मारकात छायाचित्रं आहेत, माहिती आहे, पण असा प्रश्न आल्यावर दोन शब्द बोलायला कुणीतरी जवळ हवं.

येताना चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्या लढ्यात गिरण्यांतले कामगार रस्त्यावर उतरले होते, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. आमच्यासारख्या विणकरांच्या घरात या गोष्टी जेवताना बोलल्या जात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या कोण बोलणार?

पाचव्या दिवशी हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीनेचा संगम. साडेतीनशेहून जास्त मुखं कोरलेलं शिवलिंग बघून नातू मोजायला बसला, मीच त्याला उठवलं. पण मला जे दाखवायचं होतं ते संगमेश्वराच्या मंडपात आहे. तिथल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी शिलालेख आहे: "वाछि तो विजेया होऐवा". जो वाचेल तो विजयी होईल. माझी मातृभाषा तेलुगू, शाळा मराठी. चौथीत पहिल्यांदा मराठी पुस्तक सलग वाचता आलं तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हेच दगडात कोरून ठेवलंय, हे नातवंडांना दाखवताना माझा आवाज जड झाला. नातीला अक्षरं लागेनात. मी एकेक शब्द सांगितला, मग तिनं मोठ्यानं म्हटलं. पुस्तकात वाचलेलं राहील न राहील, हे राहील.

याच फिरण्यात एका ठिकाणी, नाव घेत नाही, स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि पिण्याच्या पाण्याचा नळ कोरडा होता. नातीला रस्त्यापलीकडच्या हॉटेलात न्यावं लागलं. लहान मूल बरोबर असलेल्या माणसाला आधी हे दोन लागतात, बाकी सगळं नंतर.

आता मुख्य गोष्ट. सहाव्या दिवशी नातवानं विचारलं, "ताता, तू काम कुठे करायचास?"

त्याला नेऊन दाखवता येईल अशी जागा मला आठवेना. ज्या गावात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, भोंग्यावर लोक घड्याळं लावत, ज्याच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात तिकीट काढून मुलाला चालता माग दाखवावा अशी जागा मला सापडली नाही. शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या जुन्या शेठना फोन केला. भला माणूस, "या" म्हणाले. पण कारखाना हा कारखानाच. चाळीस मागांचा खडखडाट, मुलांनी कानावर हात ठेवले, हवेत रुईचे बारीक तंतू, आणि एका कामगाराचं लक्ष आमच्यामुळे सुटलं तर त्याचा धागा तुटणार. दहा मिनिटांत बाहेर आलो.

मग शेजारच्या आजींकडे गेलो. त्यांच्या पडवीत अजून एक हातमाग आहे. आजींनी नातवाला चरख्यावर कांडी भरायला, म्हणजे छोट्या नळीवर सूत गुंडाळायला दिली. पहिली सैल झाली, दुसरी गुंतली, तिसरी जमली. ती कांडी धोट्यात, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नावेत, घालून आजींनी त्याच्यासमोर विणली, फणी ठोकली आणि म्हणाल्या, "हा बघ, हा बाणा तुझा." बाणा म्हणजे आडवा धागा. तो बोट ठेवून दाखवत राहिला, हा माझा, हा माझा.

नातीला मी घरी ठेवलेली जॅकार्डची जुनी कार्डं दाखवली. फ्रान्समधल्या जॅकार्डनं १८०४ साली हे नक्षी विणायचं यंत्र तयार केलं. मागाच्या डोक्यावर ते बसतं आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावर फिरते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, तेवढा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. एका कार्डावर एक बाणा पडतो. चादरीवरचा एक मोर विणायचा तर अशी शेकडो कार्डं क्रमानं शिवावी लागतात, एक उलटं लागलं तरी मोराची मान मोडते. ती कार्ड खिडकीसमोर धरून म्हणाली, "म्हणजे भोक असलं की हो, नसलं की नाही. आम्हाला कोडिंगच्या तासाला असंच शिकवतात." अडतीस वर्षं मी ही कार्डं हाताळली, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून मागणी अशी. गावात बंद गिरण्यांच्या जागा आहेत, रिकामी पडलेली शेड आहेत. त्यातली एक शेड महापालिकेनं किंवा कारखानदारांनी मिळून मुलांसाठी उघडावी. मोठ्या इमारतीची गरज नाही. मूल बसू शकेल असा एक हातमाग, हळू चालवून दाखवायचा एक जॅकार्डचा माग, कांडी भरायचे दोन चरखे. काचेच्या कपाटात बंद करू नका, हात लावू द्या. कांड्या भरण्यात आयुष्य गेलेल्या बायका आणि घरी बसलेले कामगार यांना मानधन देऊन तिथे बसवा. पाट्या मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चारही भाषांत लावा, कारण मागावर या चारही भाषा बोलल्या गेल्या. पाणी आणि स्वच्छतागृह पहिल्या दिवसापासून हवं. आणि सुट्टीच्या दिवसांत किल्ला, सिद्धेश्वर, कोटणीस स्मारक, ही शेड आणि केगाव अशी एक बस फिरवावी. रिक्षाला आमचा जो खर्च झाला तो प्रत्येकाला परवडणारा नाही.

माझ्याकडे सागवानी धोटे तीन, एक फणी, जॅकार्डच्या कार्डांच्या दोन पूर्ण माळा आणि जॉबरची पान्ह्यांची पेटी आहे. जागा ठरली की मी हे सगळं देईन. गुडघे दुखतात, पण रविवारी सकाळी दहा ते एक मी येऊन बसेन.

आपला वाचक,
एक निवृत्त जॉबर
साखर पेठ, सोलापूर