शुक्रवारी नवे अल्बम निघतात, शनिवारच्या पेपरात त्यांना चार ओळी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवानंतर आपल्या पेपरात डीजेच्या आवाजावर आलेली बातमी मी दोनदा वाचली. बातमी बरोबरच होती. मी पंचवटीत राहतो. मिरवणूक दारावरून जाते तेव्हा फडताळातली भांडी थरथरतात आणि शेजारच्या आजींना मागच्या खोलीत नेऊन बसवावं लागतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा नियमात लिहिलेली आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हेही लिहिलेलं आहे, आणि ते पाळलं गेलंच पाहिजे. पण त्या बातमीत 'इलेक्ट्रॉनिक संगीताचा हा धुडगूस' असे शब्द होते, ते मला लागले. गाडीवर भिंतीसारखे रचलेले स्पीकर आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचा संबंध लाउडस्पीकर आणि कीर्तन यांच्याइतकाच आहे. आपल्या पेपरात हे संगीत वर्षातून एकदा येतं, तेही पोलीस ठाण्याच्या बातम्यांत. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मेन रोडलगतच्या एका बोळात माझं कॅसेटचं दुकान होतं. १९८७ साली उघडलं, २००९ साली बंद केलं. मुंबईहून पार्सल एसटीने यायचं. सीबीएस बसस्थानकावर जाऊन ते सोडवून आणायचं, सुतळी कापायची आणि पहिली कॅसेट दुकानाच्या टेपवर लावायची, हा माझा आठवड्यातला सर्वांत आवडता तास. नाट्यगीतं, भीमसेनजी, भक्तिगीतं, हिंदी सिनेमा यांवर दुकान चालायचं. पण एका कोपऱ्यात मी न खपणारा माल ठेवायचो. कॉलेज रोडची चार-पाच पोरं सायकलवरून यायची, त्यांना तो कोपरा ठाऊक होता. 'हे नवीन आलंय, बसून ऐक' एवढंच मी म्हणायचो. त्यातला एखादा ऐकायचा, दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन यायचा. गावात नवं संगीत असंच शिरायचं, कुणीतरी कुणाला तरी सांगून.

दुकान बंद झालं तशी ही सांगणारी जागा गेली. संगीत मात्र थांबलं नाही, उलट कधी नव्हे इतकं निघतंय. २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात, असं ठरलेलं आहे. दर शुक्रवारी माझा भाचा मला दोन-तीन नावं पाठवतो आणि मी दुपारी जेवण झाल्यावर हेडफोन लावून बसतो. वय चौसष्ट आहे, कान अजून शाबूत आहेत.

त्याने ऐकवलेल्यांपैकी एकीबद्दल सांगतो. अमेरिकेत इंडियाना राज्यात गॅरी नावाचं गाव आहे, पोलादाच्या कारखान्यांचं. तिथली जेलिन ही बाई पोलाद कारखान्यात कामाला होती आणि सुटीच्या वेळात घरी बसून संगीत करायची. २०१५ साली तिचा 'डार्क एनर्जी' आला, २०१७ साली 'ब्लॅक ओरिगामी', २०२४ साली 'अकोमा'. शिकागोच्या नाचातून आलेल्या ज्या शैलीतून तिचं संगीत निघालं, तिला फुटवर्क म्हणतात, आणि त्यात मिनिटाला १६०च्या आसपास ठोके असतात. मी पहिल्यांदा ऐकलं आणि ताठ बसलो. खाली एक जड टोल, वर ताशाची तर्री उसळावी तसे बारीक ठोके, मध्येच एक मात्रा गिळलेली, आणि तरी समेवर येताना कुठे चूक नाही. हे मला ओळखीचं होतं. ज्या ढोलाला केरळातल्या उत्सवांतही 'नाशिक ढोल' म्हणूनच ओळखतात, त्या ढोलाच्या गावात माझा जन्म गेला आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी संपवून संध्याकाळी ढोल पथकाच्या सरावाला जाणाऱ्या पोरांना ही बाई परकी वाटणार नाही. त्यांना ती माहीत असायला हवी, एवढंच. पण तिच्याबद्दल मराठीत त्यांना सांगितलं कुणी?

न सांगितल्याने काय होतं, याचं आपल्याच घरातलं उदाहरण आहे. चरणजित सिंग हे मुंबईचे वादक, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य गेलेले. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची विजेवर सूर आणि ठेका देणारी तीन यंत्रं घेऊन ललत, मधुवंती, कलावती, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्याची तबकडी निघाली, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तीन यंत्रांतलं एक होतं टीबी-३०३, गिटारवाल्याला घरी सरावासाठी खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलेलं लहानसं खोकं. गिटारवाल्यांना ते आवडलं नाही आणि कंपनीने १९८४ साली ते बंद केलं. पण त्यात एक गुण होता. सूर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर घसरत जायचा, मींड घेतल्यासारखा. आणि एक बटण फिरवलं की सूर तोच राहून त्याचं तोंड उघडायचं-मिटायचं, 'आ'चा 'ओ' व्हावा तसं. रागदारी ऐकलेल्या माणसाला हे सुचणं स्वाभाविकच होतं. शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारात पडलेलं तेच खोकं उचललं आणि त्याच्यावर १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं. जगाने ॲसिड हाउस नावाच्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताची सुरुवात तिथे मानली. आपल्या माणसाची तबकडी त्याच्या पाच वर्षं आधीची.

ती खपली नाही. मी दुकान उघडलं तेव्हा ती येऊन पाच वर्षं झाली होती आणि घाऊक व्यापाऱ्यांच्या यादीत मला ती कधी दिसली नाही. २००२ साली एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. त्याने २०१० साली ती नव्याने काढली तेव्हा युरोपातल्या तरुणांनी डोक्याला हात लावला. सत्तरी गाठलेल्या चरणजित सिंगांना तिथे बोलावून वाजवायला लावलं. २०१५ साली ते गेले. तबकडी निघाल्यावर कित्येक वर्षं या माणसाला आपण काय केलंय हे कुणी सांगितलं नव्हतं, याचा मला दुकानदार म्हणून आजही त्रास होतो.

दुसरं उदाहरण अहमदाबादचं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारं वाद्य, आणून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो मांडून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा अशा मंडळींनी तिथे तीन वर्षं काम केलं. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल परगस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधल्या आणि 'द एनआयडी टेप्स' या नावाचा अल्बम निघायला २०२३ साल उजाडलं. पन्नास वर्षं! हे सगळं आपल्या शेजारच्या राज्यात, एसटीने रात्रीत पोचावं एवढ्या अंतरावर.

आता अंबडचं सांगतो, ज्याच्यासाठी खरं तर लेखणी उचलली. भाच्याचा एक मित्र तिथल्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतो. त्याने गेल्या वर्षी घरच्या लॅपटॉपवर पाच तुकड्यांचा अल्बम केला. प्रेसच्या दणक्याचा ठेका, रामकुंडावरच्या पहाटेच्या घंटा, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारल्यावर उठणारा पाण्याचा 'धप्प' असा आवाज, सगळं मोबाइलवर टिपलेलं. तो 'धप्प' त्याने इतका सावकाश ताणलाय की तो तंबोऱ्याच्या खर्जासारखा घुमत राहतो आणि त्यावर घंटा येतात. मी ते तीनदा ऐकलं. कच्चं आहे, दुसरा तुकडा उगाच लांबलाय, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. पण त्यात नाशिक ऐकू येतं, आणि असं नाशिक मी याआधी कुठल्या ध्वनिमुद्रिकेत ऐकलेलं नाही.

त्याने तो बँडकॅम्पवर ठेवला. तिथे ऐकणारा थेट कलावंताकडून अल्बम विकत घेतो आणि साइट पंधरा टक्के ठेवते. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला एक पैसाही मिळत नाही, म्हणून अशी मुलं बँडकॅम्पकडे वळतात. विकत घेणाऱ्यांत एक जण जपानचा निघाला, एक पोर्तुगालचा. नाशिकचं कुणीही नाही. पोराने हरखून आईला जपानचं सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं बाबा. पण पेपरात आलं का काही?"

संपादक महोदय, या प्रश्नावर हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे दहावीचे टक्के, कुस्तीची गदा, वक्तृत्वाचं बक्षीस पेपरात छापून आलं की घरातल्यांना ते खरं वाटतं. कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जातं. त्या पोराचं काम जपानमध्ये पोचलं, पण त्याच्या गल्लीत पोचलेलं नाही, कारण गल्लीत आपला पेपर येतो आणि त्यात ते नाही.

माझी मागणी लहान आहे. शनिवारच्या पुरवणीत सिनेमाच्या परीक्षणाखाली दीडशे शब्दांची चौकट द्या. आठवड्याला दोन अल्बम, त्यातला महिन्यातून एक तरी आपल्या जिल्ह्यातला किंवा निदान महाराष्ट्रातला. चांदण्या देऊ नका. काय वाजतंय, कसं वाजतंय आणि कुठे ऐकायचं, एवढं लिहा. मराठीत लिहिता येतं हे. खर्ज, मींड, पडसाद, ठेका, घुमारा, सगळे शब्द आपल्याकडे आहेत. आरुषी जैन ही भारतीय वंशाची कलावंत सिंथेसायझरवर राग उलगडते. तिचा २०२४ सालचा 'डिलाइट' बागेश्रीवर आधारलेला आहे. बागेश्री म्हटल्यावर निम्म्या नाशिकला समजतं, त्यांना इंग्रजीतली समीक्षा शोधायला का लावायचं? त्याच वर्षी दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा 'बीटा' आला. त्याबद्दलही मला मराठी पेपरात एक ओळ दिसली नाही.

हे वाचणार कोण, असं आपल्या कचेरीत कुणी विचारेल. माझ्या दुकानातल्या त्या कोपऱ्याबद्दलही घाऊक व्यापारी हेच विचारायचे. मी त्यांना सायकलवरची पोरं दाखवायचो. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा घरंदाज माणसं गाणं शिकायला येतील का, असा प्रश्न होताच. त्यांनी गाणं स्वरलिपीत बसवलं, पुस्तकं छापली, जलशाला तिकीट लावलं. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात ते आपल्या नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले. छापलेल्या कागदाने गाणं घरोघर जातं, हे या गावाला नव्याने पटवून द्यायची गरज पडू नये.

लिहायला माणूस नसेल तर मी येतो. मानधन नको. दर शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत दीडशे शब्द आपल्या कचेरीत पोचते करीन, हाताने लिहिलेले चालणार असतील तर. पहिला मजकूर तयार आहे. तो अंबडच्या पोराच्या अल्बमवर आहे, आणि दुसरा तुकडा लांबलाय हेही त्यात लिहिलं आहे.

आपला,
एक जुना कॅसेट दुकानदार
पंचवटी, नाशिक